आमचा सगळ्यांचा वाढदिवस १ जूनला, मग खरा कुठला?

माणकाठचा मास्तर | १ जून २०२५, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. पहाटेपासून फोन वाजतोय. पहिला एसटीतल्या ड्रायव्हर मित्राचा, दुसरा तलाठ्याच्या हाफिसातून निवृत्त झालेल्याचा, तिसरा गावाकडून, अजून शेती करणाऱ्याचा. प्रत्येक जण मला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो आणि मी त्याच फोनवर त्याला देतो. पहिलीला आम्ही २९ जण होतो, त्यातल्या २३ जणांचा वाढदिवस आज.

खेड्यातल्या माझ्या वयाच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. माझं गाव मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात. जून १९७१ मध्ये हेडमास्तर लिंबाखाली टेबल टाकून बसले आणि एकेक बाप पोराला धरून पुढे आला. "वय काय?" "असंल की सा-एक वर्साचा." मग उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचे. बोटं कानाला लागली की पोरगं शाळेच्या वयाचं. जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता. शाळा जूनमध्ये सुरू होणार आणि तोवर सहा पूर्ण हवीत, म्हणून रजिस्टरमध्ये एकाखाली एक १ जून १९६५, १ जून १९६५ असं लिहिलं गेलं. माझी बोटं कानाला पुरती लागली नव्हती. पाठीमागच्या पोरानं माझं कोपर वर रेटलं. तोच आजचा एसटी ड्रायव्हर.

त्या तारखेनं पुढं आमचं सगळं आयुष्य आखलं. वर्गातले सात जण सरकारी नाहीतर महामंडळाच्या नोकरीत लागलो. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे २०२३ ला आम्हा सातही जणांना सात ठिकाणी नारळ, शाल आणि फेटा मिळाला. त्या रात्री सगळे एका फोनवर होतो. बोलणं फार झालं नाही. ड्रायव्हर मित्र एवढंच म्हणाला, "एकदम शाळा सुटल्यासारखं झालंय रं."

आता अडचण सांगतो. लेकीनं माझी साठीशांत करायची ठरवली आहे. गुरुजींनी विचारलं, जन्मतिथी कुठली? म्हटलं, १ जून. ते म्हणाले, "ती शाळेची. तिथी सांगा, नक्षत्र सांगा." मला काहीच सांगता आलं नाही. आईला विचारलं, तर ती "दिवाळी झालती" एवढंच म्हणाली आणि कामाला लागली.

अजून एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. पुढे मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. १९८७ पासून कितीतरी वर्षं दाखला नसलेल्या पोरांच्या नावापुढे मीही १ जूनच लिहिला. तेव्हा तो सोपा उपाय वाटायचा. त्यांच्या आयांना दोन प्रश्न जास्त विचारायला हवे होते, असं आता वाटतं.

तुमच्यापैकी कुणी आपला खरा दिवस शोधला आहे का? कसा? आणि शाळेतल्या दोस्तांबद्दलही लिहा, आज त्यांचाच दिवस आहे.

ग्रामसेवक (निवृत्त) | १ जून २०२५, सकाळी ९.१५

मास्तर, वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझाही आजच.

जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी गावोगाव कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी द्यायचा आणि ती गाव नमुना १४ मध्ये लिहिली जायची. त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून ही बुकं पुष्कळांना माहीत झाली आहेत. जुनी मोडीत सापडतात, नंतरची बाळबोधीत. बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. माझ्या थोरल्या बहिणीची नोंद मला अशीच मिळाली. वडिलांचं नाव, मुलगी आणि तारीख. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसून होतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा.

दूरदेशी | १ जून २०२५, रात्री ८.०२

न्यू जर्सीहून लिहितोय. मूळ गाव बीड जिल्ह्यात. पासपोर्टवर १ जून. मुलं लहान असल्यापासून आजच्या दिवशी केक आणतात. मी मेणबत्त्या विझवतो, पण हा दिवस आपला आहे असं आतून कधी वाटलं नाही.

आई २००९ मध्ये गेली. मी तिला एकदाही विचारलं नाही. विषय निघायचा तेव्हा ती म्हणायची, "तू झालास तवा लई पाऊस हुता." मी हसून सोडून द्यायचो. किती पाऊस, कुठल्या महिन्यातला, घरात कोण होतं, सुईण कोण होती, काहीच विचारलं नाही. मास्तर, तुमची आई आहे. आज रात्रीच तिच्याजवळ बसा.

हादग्याचा हत्ती | २ जून २०२५, दुपारी २.३०

मी निवृत्त परिचारिका, माहेर कऱ्हाडकडचं. तारखेचं मला काही सांगता येणार नाही, पण दोस्तांबद्दल लिहा म्हणालात म्हणून लिहिते. तुम्हा पुरुषांची एक गोष्ट सोपी असते. तुमचा मित्र पन्नास वर्षांनीही त्याच नावानं सापडतो. आमच्या मैत्रिणी लग्नाच्या मांडवात हरवतात. आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कित्येकींचं तर स्वतःचं नावही तांदळात नवऱ्याच्या अंगठीनं नवं लिहिलं जातं. मग शोधायचं कुणाला?

आम्ही पाच जणी होतो. आश्विनात हस्त लागला की पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. आमच्यातली एक खिरापतीचा डबा कानाशी हलवून आवाजावरून पदार्थ ओळखायची. तिचं लग्न १९८१ मध्ये झालं, माझं १९८३ मध्ये. त्यानंतर भेट नाही. तिचे वडील वारले, भाऊ गाव सोडून गेले, माहेरच्या घराला कुलूप.

निवृत्तीनंतर मी शाळेत गेले. तिथल्या बाईंनी माळ्यावरून जनरल रजिस्टर काढून दिलं. त्यात तिच्या वडिलांचं पूर्ण नाव आणि मूळ गाव मिळालं. तिथून तिचे चुलते, चुलत्यांकडून तिच्या भावाचा नंबर, असं करत आठ महिन्यांनी तिचं घर सापडलं. बार्शीत. मी न कळवता गेले. तिनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात डबा होता. नाव नाही, गाव नाही, तिनं तो हातातून घेतला आणि कानाशी हलवला. मग म्हणाली, "वाजत नाही. वाटली डाळ."

वाटली डाळच होती.

पंचांगवाले काका | २ जून २०२५, रात्री ९.४५

मास्तर, तुमचं काम अवघड नाही. फक्त प्रश्न नीट विचारायला हवेत. जुन्या बायकांना तारीख विचारून उपयोग नसतो, त्यांची कालगणना वेगळी. शेतात काय होतं ते विचारा. कुठला सण होऊन गेला होता, कुठला यायचा होता? घरात पाहुणे कोण होते? अंधारी रात्र होती की चांदणं? पाचवी कुणी पुजली, बारशाला कोण आलं? आणि आभाळात काही वेगळं होतं का, हेही विचारा.

साठीचा हिशोबही सांगून ठेवतो. संवत्सरं ६०, प्रभवापासून क्षयापर्यंत. साठ वर्षांनी जन्माचं संवत्सर फिरून येतं, म्हणून साठीचं एवढं महत्त्व. शके १८८७ विश्वावसु होतं, आणि या पाडव्याला सुरू झालेलं शके १९४७ पुन्हा विश्वावसु आहे. तुमचा जन्म १९६५ च्या दिवाळीनंतरचा असेल, तर तुमचं संवत्सर या घडीला चालू आहे.

माणकाठचा मास्तर | ८ जून २०२५, सकाळी ६.५०

काका, दूरदेशी, तुमचे दोघांचे उपकार कसे फेडू? गावी गेलो आणि चार रात्री आईजवळ बसलो. पहिल्या दोन रात्री तिनं मला वाटेला लावलं. तिसऱ्या रात्री लाईट गेली, अंगणात बाज टाकली, आणि ती आपणहून बोलायला लागली. तिच्याच शब्दांत लिहितो.

"दिवाळी झालती. ज्वारी कोळपायला आलती. मी पोटुशी, तरी पहाटं दळाया उठायची. तांबडं फुटायच्या आधी उगवतीला तारा दिसायचा, खराट्यावानी. एवढा लांब. सगळी भ्यायची. म्हणायची, लढाई आत्ता कुठं थांबलीय, आता आणि काय हुतंय. तुझी आजी मला म्हणाली, तू वर बघू नगं. पर मी रोज बघायची."

खराट्यासारखा तारा म्हणजे काय असेल?

आकाशवेडा | ८ जून २०२५, सकाळी ११.२०

हे वाचून अंगावर काटा आला. मास्तर, तुमच्या आईनं इकेया-सेकी धूमकेतू पाहिला आहे!

इकेया आणि सेकी या दोन जपानी हौशी निरीक्षकांनी १८ सप्टेंबर १९६५ ला तो शोधला. २१ ऑक्टोबरला तो सूर्याच्या अगदी जवळून गेला. त्यानंतर ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरची सुरुवात या दिवसांत सूर्योदयाआधी पूर्वेच्या बाजूला त्याची लांबच लांब शेपटी दिसत होती. विसाव्या शतकातल्या सगळ्यात तेजस्वी धूमकेतूंपैकी एक. आणि लढाई म्हणजे १९६५ चं भारत-पाक युद्ध, ते २३ सप्टेंबरला थांबलं. माउलींनी एकही तारीख न सांगता जो काळ सांगितला, तो नेमका बसतो.

मी गेली ३० वर्षं दुर्बिणीला डोळा लावून बसतो. हा धूमकेतू मी फक्त फोटोत पाहिला आहे. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

पंचांगवाले काका | ८ जून २०२५, दुपारी १२.०५

१९६५ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. म्हणजे जन्म त्यानंतरच्या पंधरवड्यातला. आता पाचवीचं विचारा.

माणकाठचा मास्तर | १५ जून २०२५, रात्री १०.१०

विचारलं. आणि आजीचीही गोष्ट कळली, जी मला साठ वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

आजी माळकरी. दर कार्तिकीला चालत पंढरपूरला जायची, एक वारी चुकवली नव्हती. त्या साली ती गेली नाही, सून बाळंत झाली म्हणून. आई म्हणाली, "तुझी पाचवी नेमकी एकादशीला आली. तिनं उपास धरूनच पाटा-वरवंटा पुजला. सटवाईला लिवायला कागूद लागतो, तो घरात न्हवता. तवा वाण्याच्या वहीचं एक पान मागून आणलं. पूजा झाली, मग तुला मांडीव घिऊन पंढरीकडं तोंड करून बसली. टाळ वाजवला न्हाई, तू झोपलावतास म्हणून."

शाळेच्या रजिस्टरच्या सहा वर्षं आधी माझ्यासाठी एक कोरं पान मागून आणलं होतं, हे ऐकल्यावर मी उठून अंधारात जरा फिरून आलो.

पंचांगवाले काका | १५ जून २०२५, रात्री १०.५५

सुटलं. पाचवा दिवस कार्तिक शुद्ध एकादशी, म्हणजे जन्म कार्तिक शुद्ध सप्तमीचा, शके १८८७. इंग्रजी तारीख ऑक्टोबरची अखेर, ३१ च्या आसपास. सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, तेव्हा पहाटे आभाळ काळंभोर असणार आणि तारा स्वच्छ दिसणार. तेही जुळतं.

यंदा कार्तिक शुद्ध सप्तमी २८ ऑक्टोबरला आहे. गुरुजींना सांगा.

ग्रामसेवक (निवृत्त) | १६ जून २०२५, सकाळी ८.३०

फार आनंद झाला. पण मास्तर, कोतवाल बुक बघाच. आईच्या सांगण्याला कागदाचा आधार मिळाला तर पुढच्या पिढ्यांना उपयोग होईल.

माणकाठचा मास्तर | १६ जून २०२५, सकाळी ९.००

नाही जाणार. रागावू नका. कागदानं मला एकदा एक तारीख दिली, तिच्यावर पगार मिळाला, पेन्शन मिळते, तिचे उपकार आहेत. पण ही तिथी आईनं दिली आहे. उद्या बुकात एक दिवस इकडचा तिकडे निघाला, तर मी काय करू? आईला जाऊन सांगू का की तुझं चुकलं?

ग्रामसेवक (निवृत्त) | १६ जून २०२५, सकाळी ९.४०

तुमचं म्हणणं समजतं, पण मला पटत नाही. मी ३२ वर्षं नोंदी लिहिल्या. कुण्या कोतवालानं उन्हातान्हात चालत जाऊन वर्दी दिली असेल, तर तीही कुणाची तरी आठवणच आहे. घाई नाही. कधी वाटलं तर सांगा, मी बरोबर येईन.

वऱ्हाडची माय | १७ जून २०२५, दुपारी ४.१५

दादा, एक विचारते, वाईट मानू नका. शांतीसाठी मंगल कार्यालय, शे-दोनशे पानं, आहेर, हे सगळं करणार आहात का? आमच्याकडे एका साठीशांतीला एवढा खर्च झाला की उत्सवमूर्ती दिवसभर पाहुण्यांचे फेटे मोजत होते. शेजारी बसून दोन शब्द बोलायला कुणाला सवड नव्हती. बालपणीचे मित्र मागच्या पंगतीत जेवून निघून गेले. ते बघून माझ्या मनाला फार लागलं.

माणकाठचा मास्तर | १७ जून २०२५, रात्री ९.२०

ताई, वाईट कशाला मानू, बरं झालं बोललात. लेकीशी बोललो. कार्यालय रद्द. गुरुजी घरी येतील, शांत साधी होईल, आणि जेवायला फक्त घरचे आणि पहिलीचा वर्ग. सगळ्यांचीच साठी आहे. त्यातल्या बहुतेकांच्या आया आता नाहीत. त्यांचा खरा दिवस आता कुणाला कळणार नाही. मग माझा एकट्याचा कसा साजरा करू?

गिरणगावकर | १८ जून २०२५, सकाळी ७.०५

आम्ही चाळीतली मुलं, आमचे जन्म पालिकेच्या दवाखान्यातले, तारखा चोख. पण तुमचं वाचून चाळीचा गणपती आठवला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षी चाळीत कुणाचाच वाढदिवस वेगळा झाला नाही. गणपतीत एका संध्याकाळी सगळ्या मुलांना गॅलरीत ओळीनं बसवून सगळ्यांच्या आयांनी मिळून ओवाळलं होतं. गोड म्हणून हातावर साखर. आज आम्ही नालासोपारा, डोंबिवली, पनवेल असे पांगलो आहोत, पण त्या ओळीत माझ्या डाव्या-उजव्या हाताला कोण बसलं होतं ते अजून सांगू शकतो. तुमचा बेत योग्य आहे.

माणकाठचा मास्तर | २ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ६.३०

आज कार्तिकी एकादशी. पाच दिवस लिहू लिहू म्हणत होतो. आज उपास आहे आणि वेळही आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

२८ तारखेला वर्गातले १४ जण आले. चौघे आता या जगात नाहीत. बाकीचे आजारपणामुळे नाहीतर अंतरामुळे येऊ शकले नाहीत, त्यांच्याशी फोनवर बोललो. मुली त्या वर्गात सहाच होत्या, त्यातल्या दोघी आल्या. हादग्याचा हत्ती ताई, तुमचीच वाट धरली. जनरल रजिस्टर, बापाचं नाव, भावाचा नंबर. एक तर शेजारच्याच तालुक्यात निघाली, चाळीस वर्षं.

जेवायला पुरणपोळी, आमटी आणि शेंगाची पोळी. पण ज्याच्यासाठी सगळे खोळंबले होते ती सुकडी होती. बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही दुसरीत. ज्या शिवारातली मालदांडी ज्वारी लोक लांबून येऊन न्यायचे, त्याच शिवारातल्या घरांत परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी थापल्या जात होत्या. त्या भाकरीला चव नव्हती आणि ती थापताना चिरायची. आया दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. शाळेत सुकडी मिळायची. ती आम्ही सगळी खायचो नाही. ज्यांचं नाव अजून शाळेत नव्हतं अशा धाकट्या भावंडांसाठी चड्डीच्या खिशात भरून न्यायचो. ड्रायव्हरच्या खिशाला भोक होतं. तो अख्ख्या वाटेत मूठ खिशाबाहेर काढत नसे, आणि म्हणून त्याचं दप्तर मी धरायचो. आमची दोस्ती तिथली.

दोघा मित्रांच्या बायकांनी मिळून सुकडी केली. गहू भाजून, हरभरा डाळ, शेंगदाणे, गूळ. चव ती नव्हती. ही फार चांगली झाली होती. ड्रायव्हरनं एक घास घेतला, मग एक मूठ भरली आणि खिशात घातली. धाकटा भाऊ अंगणात खुर्चीवर बसला होता, ५६ वर्षांचा. त्याच्या हातावर नेऊन ठेवली. भावानं काही न बोलता सगळी खाल्ली.

ओवाळायची वेळ झाली. तबकात ६० दिवे लावले होते, कणकेचे, लेकीनं आणि सुनेनं केलेले. आई उठली. मी पाटावर बसलो, तर म्हणाली, "सरक." मग एकेकाला बोलावून शेजारी बसवलं. पाट पुरले नाहीत, सतरंजी टाकली. एक मित्र २०२१ मध्ये गेला, त्याचा मुलगा आला होता. तो मागे उभा होता. आईनं त्यालाही ओढून ओळीत बसवलं, बापाच्या जागी. ७८ वर्षांची बाई, गुडघे वाकत नाहीत, पण वाकून वाकून तिनं सगळ्यांना कुंकू लावलं, सोन्याची अंगठी आणि सुपारी फिरवली, अक्षता टाकल्या. तलाठी मित्र ओक्साबोक्शी रडला. त्याची आई तो चार वर्षांचा असताना गेली. तिच्यामागे त्याला असं ओवाळणारं कुणी नव्हतं.

रात्री सगळे गेल्यावर मी आईला विचारलं, "आई, तुझा वाढदिवस कधी गं?"

ती म्हणाली, "मला कोण सांगणार? आई गेली, आत्या गेली, थोरली भन गेली."

साठ वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. तिच्या आधारकार्डावर १ जानेवारी आहे. तो दिवस कुणी लिहिला, तेही ठाऊक नाही.

दूरदेशी | २ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.१५

मास्तर, माहेरी तिच्या वयाचं कुणीच नाही का? एखादी मैत्रीण? गावातल्या गावात दिलेली?

माणकाठचा मास्तर | १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३.००

दूरदेशी, तुम्ही समुद्रापलीकडून बोट दाखवलंत.

मैत्रीण आहे. आईचं माहेर सांगोल्याकडचं. तिथेच गावात दिलेली, आईपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. दोघी आडावर पाण्याला, रानात शेण्या वेचायला बरोबर जायच्या. मामा वारल्यापासून आईचं माहेरी जाणं थांबलं, त्यालाही २२ वर्षं झाली. काल गाडी केली. ड्रायव्हर मित्र म्हणाला, "दुसऱ्याची गाडी कशाला?" आणि स्वतःच चालवत आला.

त्या आजी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांना आता कमी दिसतं. आई समोर जाऊन उभी राहिली आणि बोललीच नाही. त्यांनी हात पुढं केला, आईचं मनगट चाचपलं. तिथं आईला एक जुना व्रण आहे, विळ्याचा. तो लागला तेव्हा आम्ही कुणी जन्माला आलो नव्हतो. त्यावर अंगठा फिरवून त्या म्हणाल्या, "एवढ्या उशिरा आलीस व्हय?"

तासभर आम्ही दोघं बाहेर थांबलो. आत काय बोलणं झालं ते विचारलं नाही. निघताना मी आजींच्या पाया पडलो आणि माझा प्रश्न विचारला. त्या लगेच म्हणाल्या, जणू कुणी विचारेल म्हणून जपून ठेवलं होतं:

"माझी आई सांगायची. धोंड्याचा महिना हुता, श्रावणातला. हिचं वडील सासुरवाडीला धोंडं जेवाया आलं, आन् ताटावरच निरोप आला, मुलगी झाली म्हणून. त्याच हप्त्यात चावडीवर झेंडा लागला. साखर वाटली. हिच्या आईला सोयर हुतं, तिला भाईर येता आलं न्हाई. तवा माझ्या आईनं साखर पदरात बांधून आत नेऊन दिली."

परतीच्या वाटेत आई खिडकीतून ज्वारी बघत होती. मंगळवेढं जवळ आल्यावर म्हणाली, "साखर वाटली म्हण माझ्या येळंला."

काका, बघता का?

पंचांगवाले काका | १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४.२०

बघतो काय, हात थरथरताहेत. १९४७ ला श्रावण अधिक होता. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस त्या अधिक श्रावणाच्या अगदी अखेरीस येतो. त्याच आठवड्यात झेंडा आणि आईचं सोयर फिटलेलं नाही, म्हणजे जन्म ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातला, अधिक श्रावण वद्यातला. अधिक श्रावण त्यानंतर १९५८, १९६६, १९७७, १९८५, २००४ आणि २०२३ ला आला.

आता पुढचं ऐका. सहस्रचंद्रदर्शन आपण ८० पूर्ण झाल्यावर करतो, पण खरा हिशोबही मांडता येतो. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त. तुमच्या आईनं पाहिलेली पहिली पौर्णिमा ऑगस्ट १९४७ च्या अखेरची. तिथून मोजत गेलं तर हजारावी येते ज्येष्ठ पौर्णिमा, जून २०२८ चा पहिला आठवडा.

माणकाठचा मास्तर | १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४.३१

जून?

पंचांगवाले काका | १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४.३३

जून. दोनदा मोजलं.

माणकाठचा मास्तर | १६ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ७.१०

आईला सांगितलं. ती म्हणाली, तवर तुझ्या समद्या एक जूनवाल्यांना सांगून ठेव, आन् सांगोल्याची गाडी आदल्या दिवशीच पाठव, तिला पहाटं बसायला सोसत न्हाई.

ड्रायव्हरला फोन केला. त्यानं तारीख लिहून घेतली आहे.